तुळशीला पाणी

वैशाख लागला की मला आधी तहान लागते आणि मग दमायला होतं. वयाचं म्हणाल तर ही दमणूक वयाची नव्हे, मी चांगली तरणीताठी होते तेव्हाची आहे. दरसाल ह्याच सुमाराला येते, चार दिवस अंगावर बसते आणि जाते. दुपारी कल्याणची खाडी ओहोटीला लागते, चिखलाचा खारट वास गल्लीत शिरतो, अंगाला चिकचिक सुटते. मी माठाकडे जाते, पंचपात्री बुडवते आणि हात थबकतो. इतकी वर्षं झाली, घरात आता मला बोलणारं कोणी उरलं नाही, तरी थबकतोच मेला. मग मीच मला म्हणते, पी गं बाई, कोण बघतंय तुला?

यंदा द्वारकी, माझी मुलगी, ठाण्याहून बाळंतपणाला आली आहे. सातवा सरत आलाय. दुपारची कोनाड्याजवळ चटई टाकून पडते आणि मी वारा घालत बसते. पोर सुकलीय. सासरची माणसं चांगली आहेत म्हणते. माणसं चांगलीच असतात हो. आमच्या घरची तरी कुठं वाईट होती?

आमच्या घराची रचनाच मुळी तशी होती. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, त्याच्या मागे पडवी आणि पडवीच्या खाली मागलं अंगण. अंगणाच्या मधोमध तुळस, तुळशीच्या पलीकडे केळी, आणि केळींच्या आड तट्ट्याचा एक आडोसा. बायकांनी जायचं ते तिथे. स्वयंपाकघरात मोरी होती, पण ती सोवळ्यातली. तिथे तसलं काही सासूबाईंनी चालवून घेतलं नसतं. तर तो आडोसा. हिवाळ्या-पावसाळ्यात काही अडायचं नाही. पण उन्हाळा आला की पुढच्या ओटीवर दुपारचं ऊन भाजून काढायचं, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, आपला तक्क्या नि पानाचा डबा घेऊन मागल्या पडवीत यायचे. खाडीवरचा वारा तिथे बरा यायचा. एकटे कुठले येतात! त्यांच्या मागून शेजारचे दोघे-तिघे, कोणी मिठागराच्या मक्त्याचं बोलणारे, कोणी कोर्टातल्या दाव्याचं. दुपारभर सुपारी कातरली जायची. आता त्या सगळ्यांच्या समोरून, हातात तांब्या घेऊन, पदर सावरत सुनेनं केळीआड जायचं म्हणजे काय!

तर त्यावर घरच्या बायकांनी, माझ्याही येण्याच्या फार आधी, एक तोड काढून ठेवली होती. दारातूनच म्हणायचं, “तुळशीला पाणी घालून येते हं.” तांब्या दोन्हीला लागतो. बाईमाणूस समोरून जातंय म्हणून पुरुष माणसं मान वळवून घेत, आपलं बोलणं चालू ठेवत. मी लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी पहिली ही गोष्ट शिकवली, आमटीच्या फोडणीच्याही आधी. मी म्हटलं, “अहो, पण सकाळी घातलं ना पाणी?” तर जाऊबाई तोंडाला पदर लावून अशा हसल्या, अशा हसल्या! “खुळी गं खुळी,” म्हणाल्या, “तुझ्या माहेरी काय बायका केळीला पाणी घालतात?”

माझ्या माहेरी काहीच म्हणत नसत. माझं माहेर खडवलीपलीकडच्या एका खेड्यातलं. घराला लागून शेत, शेताला लागून रान, रानाच्या खाली नदी. तहान लागली की ओंजळीनं प्यायचं, आणि पुढचं काय ते झुडपाला सांगायचं. वैशाखातही नदीला डोह असत. थंडगार, तळचे गोटे दिसायचे असे. त्या पाण्याची आठवण मला कल्याणात कितीदा यायची, आईच्या आठवणीहून जास्ती.

आता तुम्हीच सांगा, एका दुपारी तुळशीला पाणी घालायचं म्हणजे किती वेळा घालायचं? एकदा ठीक. फार तर दोनदा. त्याच्या वर गेलं की पडवीतल्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी कौतुकानं म्हणायचं, “वा, तुमच्या सुना मोठ्या भाविक हो!” आणि आम्ही आत लाजेनं अर्ध्या व्हायचो. म्हणून मग पाणीच बेताचं प्यायचं. जेवताना घोटभर, नंतर ओठ ओले करण्यापुरतं. दिवेलागणीनंतर, पडवी मोकळी झाली की, घटाघटा. हे कोणी शिकवलं नाही. घरातल्या सगळ्या बायका तसंच करत म्हणून मीही केलं.

अशाच एका वैशाखात मी पोटुशी होते, सातवा लागलेला. आधीचं एक गेलं होतं, तेही सातव्यातच, तेही वैशाखातच. मुलगा होता. कंबरेत कळ आली, अंग तापलं आणि गेलं. तेव्हा सगळे म्हणाले, पहिलटकरणीचं असं होतं कधी कधी. दुसऱ्या खेपेला मात्र सगळं घर धास्तावलं होतं. सासूबाईंनी टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला. मला जड उचलू देत नव्हत्या, उन्हात जाऊ देत नव्हत्या, खायला-प्यायला काय हवं ते विचारत होत्या. तोंडानं फटकळ, पण माया होती. आणि मी मनातल्या मनात एकच धरून बसले होते, की हे एवढं पदरात पडू दे. मग मेले तरी चालेल.

आणि वैशाख अर्धा झाला नाही तोच पाठीत, डाव्या कुशीला, सुरू झालं. आधी नुसतं ठणकायचं. मग एखादी कळ अशी यायची की कंबरेतून निघून जांघेपर्यंत सळसळत उतरायची, की माणसानं भिंत धरावी. केळीआड गेलं की जळजळ व्हायची, आणि होऊन होऊन काय, चार थेंब. परत आले की वाटायचं, अजून जायचंय. परत जावं तर पडवीत मैफल बसलेली. सहन होत नाही आणि सांगता येत नाही, म्हणतात ना, ते हेच. जाऊबाईंना सांगितलं, त्यांनी सासूबाईंना. इकडे सांगायचं तर स्वारी सकाळच्या आगगाडीनं ठाण्याच्या कचेरीत जायची, ती दिवे लागल्यावर दमून घरी. आणि सांगायचं तरी कुठल्या शब्दात? “पोटात दुखतं,” एवढंच मी म्हटलं. “वैद्यबुवांना बोलावू,” एवढंच उत्तर आलं.

वैद्यबुवा आले ते पडवीतच बसले, मामंजींच्या शेजारी. वैद्य चांगले होते, हाताला गुण होता त्यांच्या. मी दाराच्या आड, हात तेवढा बाहेर. त्यांनी नाडी धरली आणि विचारलं, “केव्हा दुखतं?” उत्तर द्यायचं ते सासूबाईंनी, चौकटीत अर्ध्या उभ्या राहून. समोर नवरा, शेजारी परका पुरुष. त्यांच्या संसाराला उभा जन्म झाला होता, पण तो शब्द नवरा-बायकोत कधी उच्चारलेला नसावा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अंगणाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “तुळशीला पाणी घालताना फार कळ येते हो तिला.”

“तुळशीला?” वैद्यबुवा म्हणाले.

“हो. आणि घालून आली तरी समाधान नाही. सारखं आपलं परत जावंसं वाटतं.”

मी आत जाऊबाईंचा हात घट्ट धरला होता. वैद्यबुवांनी थोडा विचार केला. मग मोठ्या गंभीरपणानं म्हणाले, “भक्ती चांगली, पण ह्या दिवसांत वाकणं बरं नव्हे. पाठीवर ताण येतो. तुळशीला पाणी घालणं बंद करा काही दिवस.” आणि पाठीला लावायला तेल देऊन, गूळ-पोहे खाऊन गेले.

आज हसू येतं. तेव्हा रडू आलं. पण खरी गंमत तर पुढेच आहे. मामंजी फार कमी बोलत, आणि सुनांशी तर नाहीच. तशी रीत नव्हती. मी त्या घरात आले तेव्हापासून आम्हा दोघांत एक शब्द झाला नव्हता. सासूबाई नंतर सांगत होत्या की ते सगळं ऐकून मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना वाटलं, पोर गेलेल्या लेकराच्या धास्तीनं दिवसभर तुळशीला साकडं घालत असते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः उठले, एक मडकं घेतलं, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडलं, त्यात चिंधीची वात ओवली आणि तीन बांबूंच्या तिकाटण्यावर ते मडकं तुळशीवर टांगलं. वैशाखात देवळात पिंडीवर टांगतात तशी गळती. तोवर त्यांनी तुळशीच्या बुडाशी हात घालून पाहिला असावा, कारण सासूबाईंना म्हणाले, “एवढ्या बायका दिवसभर पाणी घालतात, आणि माती भेगाळलेली कशी हो?”

सासूबाईंना काय सांगता येणार! त्या रोज सकाळी न्हाल्यावर पळीभर घालत, तेवढंच काय ते तुळशीच्या वाट्याला.

“सूनबाईंना म्हणावं, आता काळजी करू नका,” मामंजींनी आत निरोप पाठवला. “तुळशीला दिवसभर आपोआप पाणी पडेल. कोणीच जायला नको.”

कोणीच जायला नको! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणतात ते खोटं नाही. बिचाऱ्यांनी जीव ओतून माया केली आणि घरातल्या झाडून सगळ्या बायकांची वाट बंद करून टाकली. दुपारी मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायची आणि ते थेंब ऐकायची. टप्. टप्. जाऊबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “आता काय म्हणून जायचं गं? शेवग्याला पाणी घालते म्हणू?” आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला अशी कळ आली की जाऊबाईंचं हसणं जागच्या जागी थिजलं. त्या दिवसापासून मी दुपारचं पाणी पूर्णच सोडलं. ओठ फुटले. कैरीचं पन्हं समोर आणून ठेवलं तर वाटीला बोट लावून परत सारलं. डोहाळेच नाहीत, असं मी सांगून टाकलं.

दुखणं येतं ते हत्तीच्या पावलांनी. एका दुपारी ते आलं. पानं मांडत होते, ताट हातातून गेलं आणि मी ताटापाशीच आडवी झाले. कळ, की कळ म्हणू नये तिला. घाम, ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी. कुठल्या कुशीवर वळावं तिथे तीच. “कळा लागल्या गं, सातव्यातच लागल्या!” सासूबाई ओरडल्या, आणि मग सगळं घर गेल्या खेपेसारखंच धावायला लागलं. सुईणीकडे माणूस गेला, ती दुसऱ्या गावी अडकलेली. वैद्यबुवा आले. सासूबाईंनी देव्हाऱ्यातले सगळे देव उचलून पाण्याच्या घंगाळात ठेवले. संकटाला देव पाण्यात घालतात तसे. मी जमिनीवर पडून ते बघत होते. देवांना पाणी, तुळशीला पाणी. माझ्या जिभेला मात्र कोरड पडलेली.

पडवीतलं बोलणं मला ऐकू येत होतं. वैद्यबुवांचा आवाज खाली आला होता. ते म्हणत होते, “मूल राहायचं नाही आता. अडवून धरलं तर आईच्या जिवाशी येईल. काढा देतो, सुटका लवकर होऊ दे. निदान सूनबाई तरी हाती लागतील.” मग खलात काहीतरी कुटल्याचा आवाज यायला लागला.

ह्या त्या कळा नाहीत, हे मला कळत होतं. एकदा सोसलेल्या होत्या ना मी. त्या येतात आणि ओसरतात, मध्ये श्वास घेऊ देतात. ही एका कुशीला धरून बसली होती, आणि पोटात पोर व्यवस्थित हलत होतं, लाथा मारत होतं. मी सासूबाईंचं लुगडं धरलं. म्हटलं, “ह्या त्या कळा नव्हेत. सांगा त्यांना. नीट सांगा हो.” त्या दारापर्यंत गेल्या. तोंड उघडलं. आणि म्हणाल्या, “अहो, ते... तुळशीचं तेवढं...” आणि रडायलाच लागल्या.

खल चालूच होता. मला वाटलं, गेलं. हेही गेलं माझं. लाजेपायी गेलं.

मी कशी उठले ते मला ठाऊक नाही. चौकट धरली. पदर डोक्यावरून पडलेला, केस सुटलेले. समोर मामंजी, वैद्यबुवा, शेजारचे एक म्हातारे. आणि मी म्हटलं, “मामंजी, मला बाळंतपणाच्या कळा नाहीत. मला मुतायला होत नाही. किती दिवस झाले, होत नाही. तुळशीला पाणी म्हणजे आम्ही मुतायला जातो.”

हे मामंजींशी माझं पहिलं बोलणं. जन्मातलं पहिलं. सून सासऱ्याशी पहिल्यांदा बोलते तेव्हा काय बोलते, पाया पडते म्हणते, आशीर्वाद द्या म्हणते. मी हे बोलले.

खल थांबला. शेजारचे म्हातारे उठले आणि चपला न घालताच मागल्या दिंडी-दरवाजानं निघून गेले. मामंजींनी तुळशीकडे पाहिलं. वर मडकं, खाली ओली माती. “म्हणजे,” ते म्हणाले, “तुळस...”

वैद्यबुवाच आधी सावरले. एकदा शब्द फुटल्यावर त्यांनी भराभर विचारलं, मी भराभर सांगितलं. कळ कुठून निघते, कुठे उतरते, जळजळ होते का, रंग कसा. “लालसर,” मी म्हटलं. “दिवसाकाठी पाणी किती पिता?” मी म्हटलं, “पीत नाही.” त्यांनी मामंजींकडे पाहिलं आणि मान हलवली. “मुतखडा आहे,” म्हणाले. कुटलेलं सगळं त्यांनी केळीच्या बुंध्याशी ओतून टाकलं. “एरवी कुळथाचं कढण दिलं असतं, पण ते उष्ण, पोटुशीला नको. पाणी पाजा. वाळ्याचं, गोखरूचं, शहाळ्याचं, साधं, मिळेल ते. पोटात मावेल तितकं. आणि जावंसं वाटेल तेव्हा जाऊ द्या तिला.”

त्या दिवशी मी पाणी प्याले ते पाणी अजून माझ्या जिभेवर आहे. जाऊबाई तांब्यामागून तांब्या लावत होत्या, आणि मी प्यायची, ओकायची, परत प्यायची. पुढे काही दिवसांनी तो खडा पडला. तुरीच्या डाळीएवढा, काटेरी, मातकट रंगाचा. जाऊबाई बघून म्हणाल्या, “एवढ्याशा मेल्यानं एवढं केलं?” सासूबाईंनी देव पाण्यातून काढून पुसून जागेवर ठेवले. श्रावणात पूर्ण दिवसांची, रडकी, काळीसावळी मुलगी झाली. तीच ही द्वारकी, जी इथे चटईवर पडली आहे.

आधीच्या लेकराचं मात्र अजून माझ्या मनातून जात नाही. तेव्हाही वैशाखच होता, तेव्हाही कंबर आणि ताप. त्याचंही हेच होतं का? आता कोणाला विचारू? विचारून काय हाती लागणार आहे?

मामंजी त्या दिवसापासून पडवीत बसले नाहीत. दुसऱ्याच दुपारी तक्क्या आणि पानाचा डबा पुढच्या ओटीवर गेला, भर उन्हात. शेजारचे कुरकुरले, मग तेही तिकडेच जाऊन घाम पुसायला लागले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत ते. रागाचंही नाही, मायेचंही नाही. फक्त सासूबाईंना एकदा, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “ती गळती काढून ठेवा. आमच्या तुळशीला सुनांच्या हातचंच पाणी मानवतं.” मी आत रडले. सगळं कळलं होतं त्यांना, म्हणून वाट मोकळी करून दिली, आणि शब्दावर परत पदरही ओढून दिला. ते बरं केलं की वाईट, ह्याचा विचार करून करून मी थकले. त्यांच्यापाशी जे होतं ते त्यांनी दिलं. आम्ही बायका पुढेही दारातून तेच म्हणत राहिलो, आणि आमच्या मुली ऐकत राहिल्या.

आता मघाचीच गोष्ट. द्वारकी चटईवरून उठली, कंबरेवर हात ठेवून जराशी थांबली, कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि म्हणाली, “आई, तुळशीला पाणी घालून येते हं.” घरात ती आणि मी. मामंजी जाऊन किती वर्षं झाली. इकडची स्वारी कचेरीत. पडवीत मांजरसुद्धा नव्हतं. माझ्या हातातला पंखा थांबला.

ती आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझ्या सासरी तुळस कुठं आहे गं?”

“पुढल्या दारी,” ती म्हणाली. “ओटीसमोरच. आडोसाही तिकडेच, तुळशीपलीकडे.”

“आणि ओटीवर?”

“आमचे मामंजी असतात. त्यांचे अशील-बिशील येतात ना, दिवसभर राबता असतो.”

“मग तिथे काय म्हणून जाता तुम्ही?”

ती हसली. अगदी जाऊबाईंसारखी, तोंडाला पदर लावून. “जातो कुठे?” म्हणाली. “पाणीच पीत नाही आम्ही दुपारचं. सवय होते गं.”

आणि परत कंबरेवर हात ठेवून, डावी कूस सांभाळत, चटईवर बसली.

उद्या ओटीभरणाला तिच्या सासरची मंडळी यायची आहेत. विहीणबाई येतील, व्याहीही येतील. मोठे वकील आहेत, मान आहे त्यांना ठाण्यात. पानसुपारी झाली की मी त्यांच्यासमोर उभी राहणार आहे. अंगात त्राण नाही, खरं सांगते, आता पुन्हा तेच सगळं अंगावर घ्यायचा कंटाळा आलाय मला. पण सासऱ्याला सांगितलं, ते व्याह्याला सांगेन. त्याच शब्दात. ह्या खेपेला तुळशीचं नाव घ्यायचं नाही.

मी माठातून तांब्या भरला आणि द्वारकीच्या हातात दिला. तिनं तोंडाला लावला, दोन घोट घेतले, आणि थांबली. मान वळवून मागल्या दाराकडे पाहिलं तिनं.

“कोणी नाही गं तिथे,” मी म्हटलं. “पी.”